बिअरच्या कारखान्याचं पंक्चर

साल दोन हजार चोवीस, वय एकाहत्तर, अन् तोवर माझ्या कानातून एकबी पंक्चर सुटलं नव्हतं. (शाळा चौथीतच सुटली, तो भाग वेगळा!) कळंबले माझं पंक्चरचं दुकान. लेक वंदना इंजिनीअर. तिनं बाभुळगाव रोडवर बिअरचा लहानसा कारखाना टाकला. पहिली ऑर्डर दुसऱ्या दिवशी यवतमाळच्या हाटेलात जाणार, म्हणून मी पाहाले गेलतो.

कंप्रेसर दिसला अन् मले घरी आल्यावानी वाटलं. पण पुढं नळीवर डबेच डबे!

"हे कायले, वंदे?"

"बाबा, हा हवा वाळवते, तो हवा गाळते."

"हवा वाळवते? मे महिन्यात? यवतमाळात?"

"हवेत ओल राहतेच. दाबली की पाणी सुटते. हीच हवा आम्ही धुतलेल्या पिंपात मारतो. तेल-पाणी गेलं त बिअर नासली!"

इथं नळाची वाट पाहून माणसं सुकून राह्यली, अन् हिच्या हवेले पाणी सुटते! मले पटेना, पण चैनही पडेना. ती आत गेल्यावर मी एकेका डब्याले कान लावत फिरलो. अन् सापडलं! बुडाच्या बारक्या नळीतून... फुस्स! जरा वेळानं परत... फुस्स! एवढा शिकलेला कारखाना, अन् त्याले पंक्चर! ट्यूबचा तुकडा अन् सोल्युशन माझ्या खिशात असतेच. घासलं, चिकटवलं, वरून तार आवळली. आवाज बंद! मी मिशीवर हात फिरवला.

दुपारी पिंपं भरायच्या आधी वंदनानं त्यात हवा सोडली, त पिंपाकडची नळी चक्क थुंकली! तिनं माझ्या डोक्यावरची पांढरीशुभ्र टोपी ओढली अन् नळीसमोर धरली. टोपीभर तेलकट, तपकिरी ठिपके!

"बाबा, कशाले हात लावला?"

"हात कुठं? पंक्चर काढलं!"

"ते पंक्चर नव्हतं! साचलेलं पाणी तिथूनच आपोआप बाहेर पडते!"

"मंग पाटी लावाची ना!"

"काय लिहू पाटीवर? 'बाबा, दूर राहा'?"

सांज होईस्तोवर माझा पॅच खरवडला, डब्यातल्या जाळ्या बदलल्या, पिंपं पुन्हा धुतली. घासाले अर्थात मीच! मंग तिनं कोरा रुमाल धरला. एकबी ठिपका नाही. तेव्हा कुठं पिंपं भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची गाडी यवतमाळले निघाली, अन् मी तीच ठिपक्यांची टोपी घालून दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणे, "काका, टोपीले काय झालं?"

मी म्हटलं, "बिअरच्या कारखान्यात हवा तपासाची असली, त इंजिनीअर लोकायले माझीच टोपी लागते!"