नपुंसकलिंगी माया

सबंध ऑस्ट्रेलिया खंडावर एकट्याने आणि इतक्या चिकाटीने रुसून बसलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या आमच्या घराच्या लाकडी कुंपणापलीकडे राहणाऱ्या जर्मन कादंबरीकारांना या देशात येऊन पन्नासच्या वर वर्षं झाली होती. पण त्यांच्या अकरा कादंबऱ्यांत औषधाला एक निलगिरीचं झाड सापडायचं नाही. अकराही कादंबऱ्या एकाच लहानशा जर्मन गावात घडतात. तिथे बारा महिने नोव्हेंबर असतो आणि माणसं एकमेकांशी न बोलता सूप पितात. ऐन जानेवारीत बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असताना आमचे लेखक एसी सोळावर लावून, लोकरी स्वेटर घालून, बर्फाचं वर्णन करत बसायचे. ‘एवढा थाट कशाला?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “उकाड्यात माझं वाक्य पसरतं.” त्यांचं वाक्य थंडीतही पानभर पसरतं, हे मी बोललो नाही.

या देशातल्या माणसांबद्दल त्यांची मुख्य तक्रार अशी, की ही माणसं विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. सुपरमार्केटमधल्या मुलीने ‘हाऊ आर यू गोइंग?’ असं सवयीने विचारलं, की हे गंभीरपणे ‘चालत’ म्हणायचे आणि खरोखरच चालायला लागायचे. ‘नो वरीज’ या शब्दांवर तर त्यांचा दातच होता. “ज्यांना काळजीच नाही म्हणतात, त्यांनी कादंबरी कशावर लिहायची?” असं ते मला दर आठवड्याला विचारत. कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेल्या पत्रकातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते परत पाठवत. आजतागायत कौन्सिलने आभार मानलेले नाहीत, हीदेखील त्यांच्या यादीतली एक तक्रार. एकदा आमच्या लायब्ररीने त्यांचं वाचन ठेवलं. मी धरून चार माणसं. त्यातल्या दोन बायका विणकामाच्या वर्गाला म्हणून चुकून आलेल्या. लेखकांनी चाळीस मिनिटं मान वर न करता जर्मनमधून वाचलं. बायकांचे मोजे पुष्कळ पुढे गेले. शेवटी त्यातली एक ‘लव्हली’ म्हणाली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती बिचारी सुया गोळा करायला लागली.

आमची ओळख व्याकरणामुळे झाली. पुण्यात असताना कंपनी मला जर्मनीला पाठवणार होती, म्हणून मी तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जर्मन शिकलो. मग व्हिसा आला तो ऑस्ट्रेलियाचा. ते जर्मन रुखवतातल्या भांड्यासारखं कधीही न वापरता माझ्याजवळ पडून होतं. एका शनिवारी हे कुंपणापलीकडे कचऱ्याच्या डब्याला जर्मनमध्ये झाडत होते आणि मी नेमक्या जागी हसलो. ते कुंपणाशी आले. मराठीतही क्रियापद शेवटी येतं, हे ऐकून त्यांनी मला बिअर दिली. मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगं आहेत, हे ऐकल्यावर त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. “इंग्रजीत टेबल इट, पाऊस इट, मरण इट,” ते म्हणाले. “पन्नास वर्षं मी या गोणीत राहतो आहे.”

त्या दिवसापासून ते ऐन जेवणाच्या वेळी आमच्याकडे उगवू लागले. “ते जर्मन आलेत, त्यांना सांग मी कॉलवर आहे,” असं म्हणून बायको आत पळायची. हे टेबलापाशी उभे राहून एकेका पदार्थाकडे बोट दाखवत. पोळी? ती. भात? तो. वरण? ते. प्रत्येक उत्तराला न्यायाधीशासारखी मान हलवत. आमची दहा वर्षांची मुलगी एकदा वैतागून म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट दाल.” त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते खेदाने नाही, ओळखीने. एकदा त्यांनी विचारलं, की तुझी बायको मला ‘ते’ का म्हणते, मी काय वस्तू आहे? मग मी सांगितलं, की मराठीत तान्ह्या बाळालाही ‘ते’ आणि वडीलधाऱ्या माणसालाही ‘ते’. क्रियापद तेवढं बदलतं. हे त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी वहीत टिपून घेतलं. “म्हणजे तुमच्यात माणूस ‘ते’ म्हणून येतो आणि ‘ते’ म्हणून जातो. तो आणि ती ही मधली भानगड.” असं चांगलं वाक्य त्यांच्या अकरा कादंबऱ्यांत मला सापडलेलं नाही, आणि हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बारावी कादंबरी आली तेव्हा ते ऐंशीला टेकले होते, त्यांची बायको जाऊन बराच काळ लोटला होता आणि गुडघे काम देत नव्हते. पर्थला राहणारी त्यांची एकुलती एक मुलगी, पन्नाशीतली, जनावरांची डॉक्टर, त्यांना कायमचं न्यायला आली. घरात खोकी बांधली गेली. मुलीला जर्मन येत नव्हतं. आई इथलीच, घरात इंग्रजी. आणि वडील दाराला कडी लावून ज्या भाषेत राहायचे, ती भाषा दाराबाहेर कधी आलीच नाही. मुलीने शिकायला हवी होती असं वडिलांचं म्हणणं. त्यांनी शिकवायला हवी होती असं मुलीचं. दोघंही तीस वर्षं हेच म्हणत होती. कादंबरीतल्या त्या गावात या खेपेलाही नोव्हेंबरच होता, पण सूप पिणाऱ्या बापाशेजारी प्रथमच एक मूल होतं.

मुलगी ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. “तू जर्मन वाचतोस ना? हे माझ्याबद्दल आहे का, एवढंच सांग.” मी नुकताच पॅरामॅटाच्या ऑफिसहून येऊन बूट काढत होतो. प्रोजेक्ट गळ्याशी आलेला. अडीचशे पानं वाचायची म्हणजे महिना गेला असता. मी शहाणपणा केला. तिच्या फोनवर भाषांतराचं ॲप घालून दिलं आणि पानाचा फोटो कसा काढायचा ते दाखवलं. “इझी,” मी म्हणालो. माझ्या हातून आजवर पुष्कळ चुका झाल्या, पण इतकी सोपी दुसरी झाली नाही.

चार दिवसांनी ती कुंपणाशी आली. डोळे कोरडे होते. “त्यांनी मला नाव दिलेलं नाही,” ती म्हणाली. “पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी इट आहे. इट जिना चढलं. इटला ताप आला. टेबलाला म्हणतात तसं.” मी घाईघाईने समजावायला गेलो. जर्मनमध्ये मूल हा शब्दच नपुंसकलिंगी. आमच्या मराठीतही तसंच. आम्हीही विचारतो, जेवलं का, झोपलं का, केवढं झालंय बघ. आणि हे आम्ही मायेने म्हणतो. मग तिने विचारलं, “किती वर्षांचं होईपर्यंत?”

“शाळेत जायला लागेपर्यंत,” मी म्हणालो. “फार तर.”

“पुस्तकात मी एकोणीस वर्षांची आहे. मी आईला गाडीत घालून हॉस्पिटलला नेते. तिथेही इट. शेवटच्या पानावर मी पन्नास वर्षांची आहे, मेट.”

मी सरळ लेखकांकडे गेलो. ते खोक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. एकदा तरी ‘ती’ लिहायला काय हरकत होती, असं मी विचारलं. “संपादकाने हेच विचारलं होतं,” ते म्हणाले. “व्याकरण बरोबर आहे.” मग ते खिडकीकडे बघत बोलले, नेहमीसारखं क्रियापदापाशी थांबत थांबत. “ती कोण, मला माहीत नाही. ती पर्थला असते, ख्रिसमसला आणि वाढदिवसाला फोन करते, माझे गुडघे विचारते. माझ्या ओळखीचं जे आहे, ते या घरात होतं. ते माझ्या दाराखालून चित्रं सरकवायचं. मी लिहीत असायचो, दार उघडायचो नाही. त्याच्यावर मी लिहिलं. दुसऱ्या कुणावर लिहिण्याचा मला हक्क नाही.” हे तिला सांगा, मी म्हणालो. “मी अडीचशे पानं सांगितलं,” ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा पुन्हा कौन्सिलचं पत्रक वाचताना व्हायचा तसा झाला.

ती त्याच दुपारी एकटी निघून गेली. निदान तिला ते सगळं कळवायचं म्हणून मी तीनदा ईमेल लिहायला घेतला. इंग्रजीत दरवेळी ‘इट’पाशी आलो, की माझं वाक्य कोर्टातल्या बचावासारखं दिसायला लागायचं. ‘वीकेंडला नीट लिहू’ म्हणत तो ईमेल ड्राफ्टमध्येच राहिला. मी त्याला आळस म्हणतो. बायकोने याहून वाईट शब्द वापरला आणि तिचा बरोबर आहे. खोकी परत उघडली गेली नाहीत. पाच महिन्यांनी लेखकांना मेंदूचा झटका आला, आणि ते त्या खोक्यांमधून वृद्धाश्रमात गेले.

त्या झटक्याने त्यांचं इंग्रजी नेलं. पन्नास वर्षांचं सगळं, हाऊ आर यू गोइंगसकट. जर्मन तेवढं राहिलं, तेही शुद्ध. नर्सला काही कळेना म्हणून मला बोलावणं आलं. रविवारची सकाळ होती. मी पोचलो तेव्हा पर्थहून आलेली मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, खांद्यावर बॅग तशीच. लेखक स्वच्छ दाढी करून, स्वेटर घालून दाराकडे बघत बसले होते. मला त्यांनी ओळखलं. “बरं झालं आलास,” ते म्हणाले. “माझं मूल येतं आहे. ते मला घेऊन जाणार आहे.”

“काय म्हणतायत?” तिने विचारलं.

इतक्या महिन्यांत ज्या एका शब्दाचं भाषांतर जमलं नव्हतं, ते मी त्या वेळी केलं, आणि चुकीचं केलं. “शी इज कमिंग,” मी म्हणालो. “‘ती मला न्यायला येते आहे,’ असं म्हणतायत.”

“मी आलेय, सांग त्यांना.”

मी सांगितलं. जर्मनमध्ये सांगितलं, आणि त्यांच्या व्याकरणात सांगितलं, की ते आलं आहे, हे काय समोर उभं आहे. त्यांनी तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. पिकलेले केस, चष्मा, खांद्यावरची बॅग. मग मलाच समजावत असल्यासारखी मान हलवली, आणि अनोळखी बाईशी बोलावं तसं, पूर्ण अदबीने तिला म्हणाले, “आपण उभ्या का? बसा ना. रविवारी गाड्यांचा भरवसा नसतो. त्याला जरा उशीर होईल.”

मी ते तिला शब्दशः सांगितलं. तिने बॅग खांद्यावरून काढली, खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली, आणि ती बसली. मग दोघंही दाराकडे बघत राहिली.