लांजेवार बेलीफांनी बजावलेल्या नोटिसा

कोर्टात निकाल लागतात, फायली रेकॉर्ड रूममध्ये जातात आणि पुढचं काम वाळवी बघते. किस्से मात्र कोणी नेत नाही! ते टेबलाच्या ड्रॉवरमधल्या टाचण्यांसारखे साचत जातात. हात घातला की एखादी टोचतेच.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात कारकून होतो, सत्तर-ऐंशीच्या दशकात. नोटिशीच्या फॉर्मात नाव, गाव, तारीख भरायचं काम माझं. ती सायकलवर नेऊन ज्याची त्याच्या हातात द्यायची, म्हणजे 'बजावायची', हे काम लांजेवार बेलीफांचं.

*

नोकरीला महिनाच झाला होता. छापील फॉर्म संपले. आमचे वरिष्ठ, कोर्टाचे नाझर साहेब म्हणाले, "हातानंच लिहून काढ." मी कार्बन घालून एकदम चार नोटिसा काढल्या.

तारखेला एक म्हातारा सकाळपासून फाटकाबाहेर उभा. त्याच्या नावाचा तीनदा पुकारा झाला, पण गडी जागचा हलेना. शेवटी मीच बाहेर गेलो.

"बाबाजी, आत काहून नाही येऊन राहिले?"

"तुमीच तं लिवलं ना बाप्पा!"

त्यानं नोटीस पुढं केली. 'हजर राहिल्यास तुमच्याविरुद्ध एकतर्फी निकाल देण्यात येईल.' माझा 'न' राहून गेला होता!

हा निदान फाटकापर्यंत तरी आला. बाकीचे तिघं कायदा पाळून घरीच बसले होते!

*

घरी कोणी नसलं तर नोटीस दाराला चिकटवायची असते. लांजेवार त्यासाठी घरून कणकेची खळ डब्यात भरून आणत. वरठीला एका दारावर अशी नोटीस चिकटवून ते पंचांची सही घ्यायला वळले, तेवढ्यात त्या घरच्या बकरीनं खळीसकट नोटीस फस्त केली!

लांजेवार खोटं लिहिणारा माणूस नव्हे. अहवालात लिहिलं, 'नोटीस प्रतिवादीच्या बकरीने स्वीकारली.'

जज साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं आणि खाली शेरा मारला, 'बकरी ही कुटुंबातील सज्ञान व्यक्ती नाही. पुन्हा बजावा.'

*

चिखल्याच्या मँगनीज खाणीतला एक कामगार काही केल्या सापडेना. पाळी सुटली की वर येणारे सगळे चेहरे सारखेच काळे. नाव पुकारलं की सगळे म्हणत, "तो खालीच हाये!"

त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, हे लांजेवारांनी चहाच्या टपरीवर ऐकलं. तिसऱ्या खेपेला ते पाळी सुटताच त्याचं नाव घेऊन ओरडले, "अरे, त्याले पोरगा झाला म्हनून सांगाले आलो!"

"मले? पोरगा?" टोपी फेकून एक जण धावतच आला.

लांजेवारांनी कागद पुढं केला. अंगठा इतका काळा होता की शाईची डबी उघडावीच लागली नाही! ठसा उमटल्यावर त्या बिचाऱ्याला भान आलं. "आन पोरगा?"

"त्याची नोटीस अजून निघाली नाही!"

*

बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावरून, भावानं लांजेवारांवरच दावा लावला. कोर्टात बेलीफ एकच. नोटीस त्यांच्याच गठ्ठ्यात आली! आठ दिवसांनी ती परत, वर अहवाल, 'प्रतिवादीच्या घरी तीनदा गेलो. मिळून आला नाही. नोटिसा बजावण्यास बाहेरगावी गेल्याचे त्याच्या पत्नीने सांगितले.'

नाझर साहेब भडकले. "अरे लांजेवार, तू इथं माझ्यासमोर उभा आहेस!"

"हो साहेब. पन फॉर्मवर पत्ता घरचा हाये!"

*

दिघोरीत सोमाजी बाळाजी नावाचे दोघे. ज्याच्यावर दावा तो गाव सोडून कुठं कामाला गेलेला. दुसरा बांधीत धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करत होता. लांजेवारांनी नाव विचारलं, त्यानं "मीच" म्हटलं आणि चिखलाच्या हातानं नोटीस घेतली.

तारखेला धुतलेलं धोतर नेसून, दोन एसट्या बदलून हजर! चार प्रश्नांत उलगडा झाला. जज साहेब म्हणाले, "तुमच्यावर दावा नाही. सुखानं घरी जा."

पुढच्या तारखेला तो परत आला. परत समजावून पाठवलं.

तिसऱ्या तारखेला पुकारा झाला, "सोमाजी बाळाजी, हाजिर हो!"

"हाजिर!"

जज साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, किती वेळा सांगायचं? तो सोमाजी तुम्ही नाही!"

"मालूम हाये साहेब."

"मग शेतीची कामं सोडून येता कशाला?"

सोमाजीनं हात जोडले.

"तो आला नाही न अजून!"