घोंगडीखालचं मेंढरू

नाना गेल्याचा फोन आला आणि मी गावात सांगत फिरलो, तर एकानंही विश्वास ठेवला नाय. चूक त्यांची नाय. कामाला दांडी मारायची म्हणून मी माझ्या सासऱ्याला आजवर किती वेळा मारलाय, आन ते म्हातारं अजून खणखणीत हाय. टपरीवर एकजण बोलला, "काय संप्या, आज नाना का? सासरा वापरून झाला वाटतं!" मी हसलो पण. तोंडाला सवयच ना... मग हसता हसता तिथंच मटकन खाली बसलो, तेव्हा कुठं लोकांना खरं वाटलं. मी शाळा पाहिली ती बाहेरून. हे मी बोलतोय आन माझी पोरगी मोबाइलवर लिहून घेतेय. ती म्हणती, "पप्पा, रडायचं असलं तर आधी रडून घ्या, सारखं थांबायला मला येळ नाय."

नाना म्हणजे मेंढपाळ. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं निफाडकडच्या आमच्या गावात उतरायची. मेंढरं रानात बसली की खत पडतं, म्हणून सगळे त्यांना बोलवायचे. मी ज्या मळ्यावर कामाला हाय, तिथं ते जास्त टेकायचे. त्यांच्याबरोबर काळ्या, धनगरी कुत्रं. दिसायला काय नाय बघा, बारीक पोट, लांब पाय, अंगावर धूळ. पण या जातीला कळपातलं एक जरी बाजूला गेलं तरी चैन पडत नाय. चावत नाय ते. मुंडकं खाली घालून पोटरीला ढुशी देतं, आडवं होतं, आन वळवून आणतं. आन त्याला मेंढरू काय, माणसाचं पोर काय, सारखंच. दिवस कलला की बांधावर खेळणारी पोरं पण ते गोळा करायचं.

तिथंच सगळं बिघडलं. आमच्याकडं यायच्या आधीच्या साली नाना दुसऱ्या एका गावाला होते. तिथली पोरं घाबरली, कुत्रं अंगावर येतं म्हणून दगड मारायला लागली. आया ओरडत आल्या. नानांचा स्वभाव मऊ. कशाला परक्या गावात भांडण, म्हणून त्यांनी काळ्याला खुंट्याला बांधला. त्याच सांजेला उसातून बिबट्या आला... नानांची नात होती, चिंगी, चार वर्षांची, खेळत खेळत उसाकडं गेलेली. काळ्या खुंट्याला हिसके देऊन देऊन भुंकत होता, मानेची कातडी सोलून निघाली त्याची. आन नानांना वाटलं, बांधलाय म्हणून कावलाय. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, बिडी विझेस्तोवर. मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी वाह्यात बोलायची खोड हाय. त्या टायमाला नुसती काडी ओढून त्यांची बिडी परत पेटवून दिली.

आमच्या गावात मेंढरं उतरली तसे नाना सरपंचाकडं नाय, आधी अंगणवाडीत गेले. कुत्र्यानं ढकललं तर काय करायचं, ते पोरांना शिकवू द्या म्हणाले. ताई बोलल्या, "नाना, इथं लहान लेकरांना मुळाक्षरं शिकवतो. कुत्रं काय शिकवायचं?" नाना म्हणाले, "ताई, अक्षर चुकलं तर पाटी पुसता येती."

ताईंनी दार उघडलं. पण शिकवायला मेंढरू पाहिजे. खरं मेंढरू नेलं तर त्यानं दारातच घाण केली आन आत यायला तयार नाय. नानांनी माझ्याकडं पाहिलं.

"संप्या, तू हो."

"मीच का ओ नाना?"

"अक्कल तेवढीच लागती."

घातली घोंगडी अंगावर. चार पायांवर झालो, बें बें केलं, दाराकडं निघालो. काळ्या आला, दिली ढुशी, आणला वळवून. पोरं हसून हसून लोळली. मग नाना एकेका पोराला चालायला लावायचे. काळ्या पायाला लागला की विचारायचे, "ढकललं तर काय करायचं?"

"मागं फिरायचं!"

"दगड?"

"नाय मारायचा!"

"पळायचं?"

"नाय!"

"रडलं तर चालंल?"

"चालंल!"

सगळे हसायचे. नाना नाय. ते त्यातल्या सगळ्यात बारक्या पोरीकडं बघत राहायचे. दरसाल हा खेळ. मला एवढं मिळालं, की काळ्यानं मला कायमचं मेंढरांत धरलं. एकदा लग्नातून जरा घेऊन आलो, तर त्यानं मला ढकलत ढकलत मेंढरांच्या जाळीत नेलं, आन मी पण गेलो. सकाळी बायको शोधत आली. म्हणाली, "बरं झालं, आपल्या माणसांत पोचला!"

गेल्या साली नानांच्या छातीनं घात केला. त्यांचा पोरगा भिका अंबडला कंपनीत, एका खोलीत संसार. त्यानं मेंढरं विकली, काळ्याला माझ्याकडं ठेवला. दवाखान्यात भेटायला गेलो तर नानांच्या तोंडाला नळी. मी नर्सबाईंची नक्कल करून दाखवली, मागं त्या स्वतःच उभ्या! नानांनी नळी बाजूला केली. वाटलं, हसणार. ते म्हणाले, "काळ्या मोकळा हाय ना?" म्हटलं, हाय. त्यांनी डोळे मिटून घेतले. तीच शेवटची भेट.

नाना जाऊन पंधरवडाही झाला नाय तर गावात सुरू झालं... मालक गेला, आता कुत्रं कुणाच्या शब्दात? बांधून टाका. ऊस तर अजून उभाच, आन बिबट्याचे ठसे ओढ्याला रोज. मी बोललो, पण मी बोललो म्हणजे काय, लोक हसायच्याच तयारीनं ऐकतात. ताई म्हणाल्या, "संपतभाऊ, आयाबापांना बोलावते. तुम्ही दाखवा." भिकानं नानांची घोंगडी मला दिली होती. तीच पांघरली.

घोंगडीखालून फक्त फरशी दिसती आन माणसांचे पाय. मी बें केलं, कुणीतरी फिस्सकन हसलं. काळ्या आला. घोंगडीचा काठ हुंगला, पुन्हा हुंगला. मग घशातनं बारीक आवाज काढला आन माझ्या बरगडीला टेकून आडवा झाला. मी दाराकडं सरकलो तर तो पण सरकला, परत टेकला. वळवायचं नावच नाय. "झालं. बघितलं ना?" एकजण बोलला. "आणा साखळी."

तेवढ्यात ताई ओरडल्या, "अगं परी!" परी म्हणजे सगळ्यात बारकी. मोठ्यांच्या गडबडीत ती कधी दाराबाहेर पडली, आन उसाच्या अंगाला चालली, कळलंच नाय. माझ्या बरगडीची ऊब गेली. काळे पाय उंबऱ्यापार झाले. मी तसाच, मान खाली... मग पैंजण वाजले. दोन उघडे पाय आत आले, मागनं काळे चार. "ढकललं तर मागं फिरायचं," परी आईला सांगत होती, "मी रडले पण नाय."

साखळीचं नाव परत कुणी काढलं नाय. माणसं एकेक करून निघून गेली. काळ्या फिरून आला आन घोंगडीला टेकून झोपला.

"संपतभाऊ, उठा आता," ताई म्हणाल्या. गुडघे गेले होते माझे. पण उठलो असतो तर घोंगडीखालनं मीच निघालो असतो.

म्हटलं, राहू द्या ताई, जरा वेळ...