पहारेकऱ्याची हनुवटी

काचेच्या दुकानात त्याला सगळे पहारेकरी म्हणत. काम काचा बसवायचं. नाव पडलं सिनेमामुळे. त्या सिनेमात गोदामाचा एक पहारेकरी होता. डोळे अर्धे मिटलेले, विचारलं तर जरा थांबून उत्तर, तेही तीन-चार शब्दांत. चोर दिसला तरी ओरडायचा नाही, नुसती हनुवटी वर करायचा. चोर पळायचे. कोवळ्या वयात याने तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला आणि जो गप्प झाला तो झालाच. बायको म्हणायची, यांच्यापेक्षा भिंत बरी, तिच्याकडून निदान कुणी उत्तराची वाट तरी बघत नाही.

दुकानात मात्र या गप्पपणाचा रुबाब होता. गिऱ्हाइकं त्यालाच मुकादम समजायची. तोही समजू द्यायचा.

त्याचा जोडीदार म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. यानेच त्याला कामाला लावलं होतं. साडू बडबड्या, पण हाताचा पक्का. मोठी काच दोघांनी न्यायची असते. एक सरळ चालतो, दुसरा उलटा. उलटं चालणाऱ्याला वाट दिसत नाही, त्याने काच सांभाळायची. ज्याला वाट दिसते त्याने बोलायचं: पायरी आली, डावीकडे घे, थांब. हे बोलणं फुकटचं नाही, वजन उचलण्याइतकंच ते काम आहे. हा मात्र हनुवटीने सांगायचा. साडू कुरकुरायचा, "दादा, मी काच बघू की तुमचं थोबाड?" कुरकुरत दोन्हीकडे बघायचा.

त्या दिवशी कापडाच्या दुकानाची दर्शनी काच बसवायची होती. बाहेर बघे जमलेले. बघे असले की पहारेकऱ्याची मान आणखी ताठ व्हायची. उंबऱ्याशी त्याने हनुवटी उचलली. नेमका तेव्हाच साडूच्या डोळ्यांत घाम उतरला होता. टाच अडली, तो मागच्या मागे बसला, काच फुटली आणि उजवा तळहात तिच्यावर पडला.

दवाखान्यात टाके घातले. दोन बोटं पूर्वीसारखी मिटणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचा मालक आला तो तापूनच. धड उलटं चालता येत नाही त्याने काचेला हात लावू नये, बरा झालास की दुसरीकडे काम बघ, असं त्याने साडूला खाटेवरच सुनावलं. मग पहारेकऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, एवढ्या गोंधळात तू मात्र शांत राहिलास. पहारेकऱ्याने उत्तराआधी सवयीने जरा वेळ घेतला. तेवढ्यात मालक निघून गेला.

साडू त्याच्याकडे बघत होता.

घरी बायकोला बहिणीकडून सगळं कळलेलं होतं. तिने ताट ठेवलं आणि समोर बसली.

"त्या सिनेमातल्या माणसाला घरी कोणी नव्हतं," ती म्हणाली. "तो कुणाशी बोलणार? तुमचं तसं आहे का?"

त्याने हातातला घास ताटात परत ठेवला. इतक्यांदा सिनेमा पाहिला, पण हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

सकाळी सगळी माणसं हजर असताना तो मालकासमोर उभा राहिला. "उंबरा आला हे मी सांगायचं होतं. सांगितलं नाही. लोक बघत होते." आवाज किनरा निघाला. मग थांबेचना. हनुवटी, मान, सिनेमा, सगळं बाहेर पडलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. त्याचे कान तापले.

"सिनेमापायी त्याचा हात घालवलास?" मालकाने विचारलं.

"हो."

साडूचं काम टिकलं. काच उचलणं मात्र सुटलं ते सुटलंच. आता तो मापं घेतो. सगळ्यांशी गप्पा मारतो. पहारेकऱ्याशी फक्त लांबी आणि रुंदी. सांगितलेलं माप पहारेकरी मोठ्याने परत म्हणतो. तोवर साडू दुसरीकडे बघत असतो.