मे महिन्याचं सेटिंग

माझ्या नवऱ्यासमोर 'खेळण्यातली गाडी' म्हटलेलं चालायचं नाही. हातभर लांबीची ती रिमोटवरची गाडी खऱ्या इंजिनावर पळायची. तिच्या इंधनात नायट्रो आणि एरंडेल असायचं, त्यामुळे रविवारी जळगावच्या आमच्या घरात पडद्यांनासुद्धा एरंडेलाचा वास यायचा. त्या वासावरून मी पुष्कळ भांडले. आता कपाट उघडलं की तोच वास येतो आणि मला दार लावावंसं वाटत नाही.

त्याचा जीव सगळा इंजिनाच्या तापमानात. दर दोन फेऱ्यांनी गाडी थांबवून तो इंजिनाच्या डोक्यावर तापमापकाची बंदूक रोखायचा. शंभर ते एकशेवीस अंश दिसले की स्वारी खूश. एकशेतीसच्या पुढे आकडा गेला की चेहरा पडायचा. मग इंधनाचा बारीक स्क्रू, ज्याला तो नीडल म्हणायचा, केसभर सैल करायचा. जास्त इंधन आत गेलं की इंजिन थंड राहतं. त्यानंतर तीच बंदूक माझ्या कपाळावर. "हिची नीडल कुठे असते, ते काही सापडलं नाही," असं मित्रांना सांगायचा.

मे महिन्यात हा माणूस ठिबकचं सामान दाखवायला भरदुपारी मोटारसायकलवरून असोद्याला गेला. केळीच्या बागेतच त्याला उष्माघात झाला आणि तो गेला. इंजिनाचा ताप पुन्हा पुन्हा मोजणाऱ्याला स्वतःचा ताप कळला नाही. मला याचा राग आला होता, अजूनही येतो.

दिवसपाणी झाल्यावर त्याचा एक मित्र भेटायला आला. गाडी हातात घेऊन हळहळता हळहळता त्याचं बोट सहज नीडलवर गेलं. मी गाडी जवळजवळ हिसकावली. जाण्याच्या आदल्याच रविवारी नवऱ्याने ती नीडल जुळवली होती. त्याच्या बोटांनी जिथे थांबवलं तिथेच थांबलेलं असं घरात दुसरं काही उरलं नव्हतं. मी लाल नेलपॉलिशचा थेंब अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या धातूवर सोडला. तो वाळेपर्यंत फुंकर मारत बसले.

पुढे मला आवाज यायला लागला. दुपारी भांडी घासताना मागच्या बोळातून ती गाडी किंचाळत जायची. नळ बंद केला की काही नाही. मी कोणाला बोलले नाही, लोकांना तेवढंच निमित्त हवं असतं. डिसेंबरात सोनगीरला सासऱ्यांकडे गेले, तेव्हा आबा आपणहून म्हणाले की किल्ल्याखालून त्यांना गाडी ऐकू येते. ते काठी घेऊन दारापर्यंत जातात, तर हायवेवर नुसते ट्रक. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

"एक डाव चालू कर व माय," आबा म्हणाले. "माले आयकू दे."

पुढच्या खेपेला मी गाडी घेऊन गेले. किल्ल्याखालच्या मोकळ्या जागेत आबांना खुर्ची दिली. सकाळची वेळ, चांगलीच थंडी. दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला, तेव्हा कुठे इंजिनाने दाद दिली. मी दोन फेऱ्या मारल्या. आवाज बारीक आणि चिरका येत होता, धूर जवळजवळ नव्हताच. थांबवून बंदूक रोखली, एकशेअडतीस.

कारण मला कळत होतं. थंडीत हवा दाट होते आणि इंजिन जास्त इंधन मागतं. मे महिन्याच्या उन्हात बरोबर असलेली नीडल हिवाळ्यात इंजिनाला उपाशी ठेवते. सगळं त्यानेच तर शिकवलेलं. नीडल सैल करायला हवी होती, नाहीतर पिस्टन तापून जाम झाला असता. आणि सैल केली की त्याची जागा गेली.

मी तशीच बसून राहिले. इंजिन तडतडत होतं.

आबांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. "ते वरडी राह्यनं," ते म्हणाले. "हाऊ त्याना आवाज नही शे."

मी छोटा स्क्रूड्रायव्हर लावला आणि नीडल फिरवली. नेलपॉलिश तडकलं, एवढंसं. मागून निळसर धूर आला. आवाज खाली उतरला, भरला, आणि रविवारचा झाला. मी आणखी एक फेरी मारून आणली. एकशेदहा.

"आते उना," आबा म्हणाले आणि आलेल्या माणसाकडे बघावं तशी त्यांनी मान रस्त्याकडे वळवली. मीही वळून पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

गाडी आता जळगावला कपाटात आहे. लाल थेंबाचे दोन तुकडे एकमेकांपासून थोडे सरकलेत. ऊन वाढेल तशी नीडल मला पुन्हा आवळून आत घ्यावी लागेल, आज थोडी, पुढच्या रविवारी थोडी. इंजिनाचं नीट ऐकत गेले, तर मे महिन्यात अशाच एका रविवारी दोन्ही तुकडे बरोबर समोरासमोर येतील. त्या दिवशीही बाहेर तेवढंच ऊन असेल.