भालूकाकांची तीन मिनिटं

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "अगं, हे गेले," त्या म्हणाल्या आणि लगेच, "शनिवारची बैठक ठरल्याप्रमाणे आहे, सगळ्यांना कळवशील ना?" धक्क्यात माणूस काय बोलेल सांगता येत नाही. रडू मला नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की काकांना येत्या शनिवारी एका बाईची माफी मागायची होती, आणि आज गुरुवारच होता…

भालूकाका जर्मनीत, आमच्या ब्योब्लिंगेनच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. चाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले इंजिनिअर. गाड्यांच्या वायरिंगमध्ये आयुष्य गेलं. ते वायरिंग रुमानियात नि सर्बियात बनायचं, म्हणून निम्मी नोकरी तिकडच्या कारखान्यांत. निवृत्तीनंतरही ओढ सुटली नाही. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात शनिवारची बैठक भरवायला सुरुवात केली: शेजारचा सर्बियन द्रागान, समोरची रुमानियन मिहाएला आणि मी. पोहे काकूंचे, भाषा जर्मन, विषय युरोपचा तो आग्नेय कोपरा. नाटोचा आधार किती खरा, रशियावर निर्बंध घालायचे की नाहीत, काळ्या समुद्रातून धान्य कसं जाणार… नियम एकच, पण काकांचा: स्वतःच्या देशाची वकिली करायची नाही. प्रत्येकानं समोरच्याची बाजू मांडायची, तीही तीनच मिनिटं. त्यासाठी टेबलावर अंडी उकडायचा कोंबडीच्या आकाराचा टायमर असे. त्या घरात अंडं कधी शिजलं नाही, पण टायमर मात्र होता.

आणि काय रंगायचं ते! सर्बियानं रशियाशी वाकडं का घेतलं नाही, हे मिहाएला दात-ओठ खात समजावून सांगायची. नाटो नसेल तर रुमानियाला झोप का लागणार नाही, हे सांगताना द्रागान दर वाक्याआधी एक लांबलचक "आल्झो…" म्हणायचा, म्हणजे जर्मनमधलं आपलं "तर मग…". कोंबडी किणकिणली की काका टाळ्या वाजवायचे. "आता भांडा," म्हणायचे. पण तोवर भांडणातली हवा गेलेली असायची. मला वाटतं, हेच त्यांचं परराष्ट्र धोरण होतं.

ते त्यांनी स्वतःच मोडलं. मिहाएलाची आई रुमानियात डॅन्यूब नदीच्या काठावर एकटी राहते. पलीकडच्या तीरावर युक्रेनचं बंदर. तिथे ड्रोन येतात तेव्हा म्हातारीच्या खिडक्या थरथरतात, पण ती घर सोडायला तयार नाही. त्या शनिवारी मिहाएला रात्रभर जागून आली होती. तिनं काकांना सरळ विचारलं, "तुमचा देश रशियाचं तेल का घेतो?" झालं! काका भारताची बाजू घेऊन जे सुटले, ते कोंबडी वाजली तरी थांबेनात. गरिबी काढली, इतिहास काढला, युरोपचा दुटप्पीपणा काढला. मिहाएला अर्धा चहा टाकून निघून गेली. काकू शांतपणे म्हणाल्या, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." काकांनी शिक्षा म्हणून सगळी भांडी घासली. मग मला म्हणाले, "मुद्दे चुकले नाहीत गं माझे. समोरचं माणूस बघायला चुकलो. पुढच्या शनिवारी तिच्या आईची बाजू मी मांडणार."

तो शनिवार त्यांच्याविना आला. मिहाएला येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आली, दाराशीच उभी राहिली. काकूंनी टायमरखालचा घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. "त्यांचं अक्षर तुला लागतं. तू वाच." मी कोंबडी फिरवली आणि वाचू लागले. काकांनी जर्मनमध्ये लिहिलं होतं: "मी मिहाएलाची आई. नदीपलीकडे स्फोट झाला की माझ्या काचा वाजतात. टीव्हीवर सांगतात, आपण नाटोत आहोत, घाबरू नका. माझ्या काचांना हे कुणी सांगितलेलं नाही. मुलगी म्हणते, जर्मनीत ये. पण मी निघाले तर उद्या शेजारीण निघेल, आणि गाव युद्धाशिवायच रिकामं होईल. भारतातल्या माणसाची गरज मला कळते. त्यानं तेल घ्यावं की नाही, हे मी सांगणार नाही. त्यानं आधी विचारावं, आजी, काल झोप लागली का…" पुढे कागद कोरा होता. टायमर अजून चालूच होता.

मिहाएला आत आली, काकांच्या खुर्चीशेजारी बसली. खूप रडली. काकूंनी पोहे वाढले, तिनं खाल्ले. आज या गोष्टीला दीड महिना झाला. तिची आई अजून तिथेच आहे, युद्धही आहे. बैठक मात्र चालू आहे आणि खरं सांगते, त्या स्वयंपाकघरात मला काकांची उणीव भासते तशी त्यांची सोबतही भासते.

त्या दिवशी बशी रिकामी झाल्यावर मिहाएलानं डोळे पुसले, कोंबडी स्वतःकडे ओढली आणि तीन मिनिटं लावली. "आल्झो," ती म्हणाली, "भारत रशियाचं तेल का घेतो, ते आता मी सांगते."