डावा बूट इकडे, उजवा तिकडे

गेल्या महिन्यात श्रीलंकेत, अनुराधापूरला, माझा बूट चोरीला गेला. म्हणजे... मला तरी तसंच वाटलं.

एकटीनं, सॅक घेऊन केलेला हा माझा पहिला परदेश प्रवास. अहमदपूरहून निघताना आईनं कुर्त्याला आतून चोरखिसा शिवून दिला आणि बजावलं, "कुणाच्या हातचं खाऊ नको बग. लई गोड बोलणाऱ्याच्या तर वाऱ्यालाबी उभं राहू नको."

मी आईच्याही वरताण! हॉस्टेलच्या मावशींनी प्रेमानं पुढे केलेला चहा टाळला. टुकटुकवाला जरा जास्तच हसतोय म्हणून अर्ध्या रस्त्यात उतरले आणि रणरणत्या उन्हात चालत गेले. सॅक पाठीवर कमी आणि पोटावरच जास्त होती.

आईचं मागणं एकच होतं... अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचं एक पान. गुडघ्यांमुळे तिला स्वतःला येणं शक्य नव्हतं. तिथं पान तोडायचं नसतं, आपोआप गळेल तेच उचलायचं, हेही तिनंच मला सांगितलेलं.

बोधिवृक्षाच्या आवाराबाहेर चपला ठेवायला काउंटर होतं. पण अनोळखी माणसाच्या हाती नवे कोरे बूट द्यायचे? छे! नांदेड-लातूरकडं लग्नाकार्यात आपण करतो तेच केलं... डावा बूट एका टोकाला, उजवा पार दुसऱ्या टोकाला. एका बुटाचं चोर काय लोणचं घालणार?

आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं शांत बसली होती. मीही फाटकातून बूट दिसतील अशी जागा धरून बसले. एक डोळा झाडावर, एक बुटांवर. शेजारच्या आजी माझ्याकडं बघून हसल्या, तशी मी सॅक आणखी जवळ ओढली.

बराच वेळ गेला. वारा यायचा, पानं सळसळायची, पण एकही खाली पडेना. इतक्यात बघते तर काय... लुंगी नेसलेले एक काका माझा डावा बूट हातात घेऊन निघालेले!

"ओ काका! ओ, थांबा!" चक्क मराठीत ओरडत मी अनवाणी पळाले. फरशी नुसती तापलेली, पायाला चटके बसत होते. काका मात्र निवांत, चपलांची एकेक रांग बघत चाललेले. उजव्या बुटापाशी ते थांबले, वाकले, डावा त्याच्या शेजारी नीट लावला आणि आपल्या वाटेनं निघून गेले. बिचाऱ्यांना वाटलं, कुणाची तरी जोडी फुटलीय.

हसावं की रडावं, कळेना. तशीच परत आले. मी बसले होते नेमकं तिथंच पान पडलं होतं, हे आजींनी खुणेनं दाखवलं. पण आता ते त्यांच्या हातात होतं.

बसची वेळ झाली होती, दुसऱ्या पानाची वाट बघणं शक्य नव्हतं. आईला काय तोंड दाखवू? शेवटी मोबाइल पुढे करून खुणेनंच विचारलं... फक्त आईला दाखवू का?

आजींनी पान अलगद माझ्या तळहातावर ठेवलं. आणि माझ्या मनात आधी काय यावं? आता बदल्यात ही बाई काय मागते कोण जाणे!

रेंजसाठी मी पार भिंतीपर्यंत गेले, व्हिडिओ कॉल लावला आणि पान एका आजींचं आहे, हे आधीच सांगून टाकलं. पान बघताच आईनं हात जोडले, पदरानं डोळे पुसले. मग लगेच म्हणाली, "झालं माझं दर्शन. आता ज्याचं त्याला देऊन टाक बाई. ताटकळल्या आसतील त्या."

मी वळून बघितलं. आजी डोळे मिटून प्रार्थनेला बसल्या होत्या. मी जवळ जाऊन पान त्यांच्या ओंजळीत ठेवलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. मग पुन्हा हसल्या... या वेळी मीही हसले.

आईसाठी पान काही आणता आलं नाही. पण मी अजून तोच विचार करत असते... माझ्यासारखीच्या हाती ते देऊन त्यांना डोळे मिटता आले कसे?